भावाच्या दिव्यांमागून

दिवस कलायला लागला की रय्या झोपडीपुढची वाळू झाडून घ्यायची, चटया अंथरायची आणि कहवा चुलीवर चढवायची. पाहुणे तेव्हा वर मोठ्या टेकडीवर सूर्यास्त बघत असायचे. ते उतरून येईपर्यंत वेलदोड्याचा वास उंटांच्या दावणीपर्यंत गेलेला असे. मग गाड्यांचे दिवे दिसायचे, पुढे एक आणि मागे एक. रय्या परक्यांपुढे बायका बांधतात तो काळा मुखवटा चेहऱ्यावर बांधायची आणि पेले धुऊन परातीत पालथे घालायची.

पुढची गाडी तिच्या नवऱ्याची, हुमैदची. मागची त्याच्या थोरल्या भावाची, खलफानची. बिदियाच्या सगळ्या वाळवंटात या दोघांइतकं वाळूत कुणी चालवत नव्हतं. वाळूच्या टेकडीच्या उभ्या धारेवर गाडी अशी तोलून धरायचे, की आत बसलेल्या पाहुण्यांच्या तोंडून किंकाळी बाहेर पडायची आणि किंकाळी संपायच्या आत गाडी खाली सपाटीवर असायची. हुमैद बोलका होता. पाहुण्यांच्या भाषेतले चार शब्द यायचे, बाकीचं तो हातवाऱ्यांनी आणि हसून भागवायचा. खलफान अबोल. पण दोघांचा आवाज एकच होता. फोनवर त्यांची आईसुद्धा आधी विचारायची, "दोघांतला कुठला तू?"

रय्या त्या आईच्या भावाची मुलगी. म्हणजे सासू तिची सख्खी आत्या, आणि खलफान काय, हुमैद काय, लहानपणापासून तिच्याबरोबर एकाच कळपातल्या बकऱ्या राखलेले. त्यामुळे दिराशी बोलताना तिला आडपडदा असा नव्हताच. खलफानला रात्रीचं दिसेनासं झालंय हे घरात सगळ्यांत आधी तिच्याच लक्षात आलं. एका संध्याकाळी त्यानं पेल्यासाठी हात पुढे केला तो तिच्या हाताच्या वीतभर डावीकडे. तिनं काही न बोलता पेला त्याच्या हाताखाली नेला.

सासऱ्यांनाही असंच झालं होतं. आधी रातांधळेपण, मग हळूहळू दिवसाचंही जायला लागलं. शेवटची किती वर्षं म्हातारा खांबाला टेकून बसायचा आणि ऊन सरकेल तसं घरातलं कुणीतरी त्याला उचलून सावलीत सरकवायचं. ते काम बहुतेक वेळा खलफानकडे असे. म्हणून स्वतःच्या डोळ्यांपुढे तोच अंधार जमायला लागल्यावर त्यानं डॉक्टरला दाखवलं नाही, बायकोला सांगितलं नाही. धाकट्या भावाला मात्र सांगावं लागलं.

मग दोघांनी मिळून एक रीत काढली. सूर्य बुडाला की हुमैद पुढे निघायचा. खलफान त्याच्या गाडीचे मागचे लाल दिवे धरून चालायचा. तेवढे त्याला दिसत. पुढे धार आली की हुमैद आपली गाडी आधी उतरवायचा, खाली जाऊन ती बाजूला घ्यायचा आणि दोनदा हॉर्न द्यायचा. तो ऐकला की मगच खलफान गाडी सोडायचा. पाहुण्यांना वाटायचं, काय शिस्तीची माणसं आहेत!

रय्याला ते पटत नव्हतं. त्या हिवाळ्यात तर रोज त्यावरून खटका उडायचा.

"त्याला सांग, पुरे म्हणावं आता."

"सांगतो."

"कधी?"

"ईद होऊ दे."

"कुठली ईद? गेल्या खेपेलाही ईदच होती."

हुमैद हसायचा. "अगं, माझे दिवे दिसतात तोवर चालवील. तेही दिसेनासे झाले की आपण होऊन खाली उतरेल."

"आणि त्याच्या मागं बसलेली माणसं? त्यांना कोण विचारतं?"

"आज फार चावायला उठलीस. कहवा कमी उकळत जा, त्याचा कडूपणा तुझ्यात उतरतोय."

असं म्हणून तो विषय उडवून लावायचा. एकदाच काय तो हसला नाही. पायातल्या चपलांची वाळू झटकत तो म्हणाला होता, "रय्या, मी त्याच्या हातातलं चाक काढून घेतलं, तर त्याला खांबाशी मीच नेऊन बसवलं असं होईल. माझ्यानं नाही होणार ते." त्यावर रय्या काही बोलली नाही. नंतर कितीतरी वर्षं तिला वाटत राहिलं, की तेव्हाच बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं, चाव्या विहिरीत फेकायला हव्या होत्या.

त्या दिवशी दोन्ही गाड्या भरलेल्या होत्या. हुमैदकडे एक फ्रेंच कुटुंब होतं. खलफानच्या गाडीत चार मैत्रिणी होत्या, त्या वाटभर गात होत्या. सूर्य बुडाला तरी पाहुणे उठेनात. आकाश मोकळं होतं, त्यांना चांदण्या बघायच्या होत्या. हुमैदला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. तो म्हणाला, बसा.

खाली रय्यानं कहवा दोनदा गरम केला. तिसऱ्यांदा तो कडू होतो म्हणून तिनं भांडं उतरवून ठेवलं. वर टेकडीच्या पाठीमागे उजेड हलल्यासारखा वाटला आणि एका जागी थांबला. मग वाऱ्यावर बायकांचा आवाज आला. गाण्याचा नव्हता.

रय्यानं बारा वर्षांच्या मौज़ाला, आपल्या लेकीला, "चुलीपाशी बस, उठू नकोस" म्हणून सांगितलं आणि पिकअप काढली. तिकडच्या बायका शेरडांना पाणी न्यायला पिकअप हाकतात, तशी तीही लग्नाआधीपासून हाकत होती. पण त्या चढणीला अंधारात ती कधी गेली नव्हती. गेली कशी, ते तिला पुढे कधीच आठवलं नाही.

झालं होतं ते असं. धार उतरल्या उतरल्या हुमैदच्या गाडीतल्या एका बाईला मळमळून आलं. त्यानं गाडी बाजूला न घेता तिथंच उताराच्या पायथ्याशी थांबवली, तिला उतरवलं, तिचा नवरा आणि मुलगी तिच्यामागून लांब गेली. हुमैद पाण्याची बाटली काढायला गाडीच्या मागच्या दाराशी आला. पलीकडच्या टेकडीवर दुसऱ्या एका तंबूवाल्याचा चालक आपल्या पाहुण्यांना गोळा करायला हॉर्न देत होता. दोनदा दिला. वाऱ्यावर तो धारेच्या वर पोचला, आणि गाण्याच्या गलबल्यात खलफानला वाटलं, हुमैदनं दिला. त्यानं गाडी सोडली.

रय्या पोचली तेव्हा खलफान वाळूत बसून भावाचं डोकं मांडीवर घेऊन होता. त्याचे हात हुमैदच्या तोंडावरून फिरत होते. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून तो हातांनी बघत होता.

"रय्या, हा बोलत नाहीये. तू बघ. तू बघून सांग मला."

तिनं बघितलं. काय सांगायचं ते तिला कळलं होतं, पण ती म्हणाली, "उचल त्याला. मागं घे."

पाहुण्यांपैकी दोघांनी हात लावला. हुमैदला पिकअपच्या हौद्यात ठेवलं, खलफान त्याच्याजवळ बसला. इब्रा गावच्या दवाखान्यापर्यंत रय्यानंच गाडी नेली. वाळूतून गाडी काढू शकेल आणि ज्याला अंधारात दिसेल, असं तिथं ती एकटीच होती. मागच्या काचेतून तिला खलफानचा आवाज ऐकू येत होता. तो भावाला नावानं हाका मारत होता, लहानपणी बकऱ्यांमागे असताना मारायचा तशा. तिनं गाडी कुठंही थांबवली नाही.

दवाखान्यात पोलीस आले. खलफाननं त्यांना काही विचारू दिलं नाही. म्हणाला, "मला रात्री दिसत नाही. कितीतरी दिवसांपासून दिसत नाही. हे आधी लिहा, मग बाकीचं."

नवरा गेल्यावर बाईनं घरात बसून पाळायच्या इद्दतीला रय्या बसली. झावळ्यांची भिंत, एक कोपरा, अंगावर तेच कपडे. परक्या पुरुषानं समोर यायचं नव्हतं, आणि त्या हिशेबात दीरही परकाच. खलफानला पोलिसांनी काही दिवस ठेवून, तारखेला हजर राहायच्या बोलीवर सोडलं. सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर तो आला आणि भिंतीच्या बाहेरून म्हणाला, "अस्सलामु अलैकुम, रय्या."

रय्या ताडकन उठली. दाराशी जाऊन कडीला हात घालेपर्यंत तिला उमजलं नाही, की हा हुमैद नव्हे. तिथंच खाली बसून ती तोंडात ओढणी कोंबून रडली. मौज़ा धावत आली.

"त्याला सांग," रय्या तिला म्हणाली, "यायचं तर ये म्हणावं. पण बोलू नको. एक अक्षर बोलू नको."

त्यानंतर खलफान रोज पहाटे यायचा आणि न बोलता भिंतीला पाठ लावून बसायचा. आतून रय्याला झावळ्या तेवढ्या जागी दबलेल्या दिसायच्या. ऊन चढलं की त्या सरळ व्हायच्या. म्हणजे तो गेला. तो आला तरी तिचा जीव कासावीस व्हायचा, आणि एखाद्या दिवशी झावळ्या दबल्या नाहीत तर तिचं लक्ष सारखं तिकडेच लागून राहायचं.

निकालाची तारीख जवळ आली तेव्हा आत्या तिच्याजवळ येऊन बसली. म्हातारी त्या थंडीत अर्धी झाली होती. बराच वेळ ती रय्याचे केस विंचरत राहिली.

"मी तुला माफ कर म्हणायला आले नाही."

"मग?"

"माफ करू नकोस. नुसतं काझीसमोर माफ केलं म्हण."

"म्हणजे खोटं बोलू?"

"मला खरं-खोटं विचारू नकोस ग पोरी. माझा एक मातीत गेला. दुसऱ्याला ते आत टाकतील. त्याला दिवसासुद्धा आता अर्धंच दिसतं. तिथं त्याला पेला कोण हातात देणार?"

"मी दिला इतके दिवस," रय्या म्हणाली. "सगळ्यांआधी मला कळलं होतं, आत्या. मी हुमैदला सांगत होते. रोज सांगत होते."

"माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"हुमैदनं सांगितलं होतं. मला वाटलं, भाऊ भावाला सांभाळतोय, चांगलंच आहे की." म्हातारीचा फणीचा हात थांबला. "त्यात मीही आहे, रय्या. मला धरून कुणाकुणाला तू माफ करणार?"

काझीनं रय्याला विचारलं तेव्हा मुखवट्याआडून तिनं सांगितलं, "मी माफ केलं. भरपाईही नको." काझीनं पुन्हा विचारलं, कुणी जबरदस्ती केली नाही ना? ती म्हणाली, "नाही." खलफान पलीकडे उभा होता. त्याला शिक्षा थोडकीच झाली, आणि गाडी चालवायचा परवाना कायमचा गेला. तो त्यानं आधीच आणून टेबलावर ठेवला होता.

झोपडी रय्यानं बंद केली नाही. पोट होतं, मौज़ाची शाळा होती. दुसऱ्या गावातले चालक पाहुणे घेऊन येऊ लागले. रय्या चटया अंथरायची, कहवा ओतायची, खजूर पुढे करायची. पाहुणे तिच्याशेजारी बसून फोटो काढून घ्यायचे. एखादी बाई चालकामार्फत विचारायची, "तुझा नवरा काय करतो?" रय्या हातानं टेकडीकडे दाखवून म्हणायची, "तो वरच राहिला." बाईला वाटायचं, गाड्यांबरोबर असेल. ती हसून मान हलवायची, आणि रय्या तिचा पेला पुन्हा भरायची.

खलफानशी ती बोलली नाही. इद्दत संपल्यावर त्याचं भिंतीशी येणंही थांबलं. ईदेला त्याच्या घरी ताट जायचं, त्याच्या बायकोकडून परत भरून यायचं. आत्या वारली तेव्हा दोघं एका अंगणात होते, पण बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. त्याला कुणीतरी धरून चालवत आणलं, ते रय्यानं लांबून पाहिलं. त्याला आता काहीच दिसत नव्हतं.

मौज़ा मोठी झाली. सूरच्या बंदरात कामाला असलेल्या बद्र नावाच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, मौज़ाला पसंत होता. राहिला प्रश्न वलीचा. बाप नाही, आजा नाही, भाऊ नाही, म्हणजे निकाहाला मुलीच्या वतीनं बसायचं ते चुलत्यानं. रय्यानं निरोप पाठवला. उलट निरोप आला, मला जमणार नाही, काझीलाच वली करा. रय्यानं पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. तेव्हा तिनं पिकअप काढली आणि स्वतः गेली.

खलफान घरापुढच्या गाफच्या झाडाखाली एकटाच बसला होता. पावलं ऐकून त्यानं मान वर केली.

"कोण?"

"मी."

तो धडपडत उठला. पायाशी पाण्याचं भांडं होतं ते लवंडलं. "रय्या? काय झालं? मौज़ा बरी आहे ना?"

"बरी आहे. तुझ्यावर रागावलीय. म्हणते, काकाला मी नकोशी झाले का."

"असं म्हणाली?"

"नाही. ती रडतेय नुसती. मी म्हणतेय."

तो खाली बसला. रय्या थोड्या अंतरावर बसली. घरातून त्याची बायको डोकावली आणि परत आत गेली.

"निकाहात त्या पोराचा हात हातात घ्यावा लागतो," खलफान म्हणाला. "माझा हात? हुमैदच्या पोरीसाठी हा हात पुढं करू?"

"हाच कर. दुसरा कुठून आणू? तुझ्या आईनं दोनच जन्माला घातले."

खलफाननं लवंडलेलं भांडं चाचपून उभं केलं. वारा गाफच्या शेंगा हलवत होता.

"लोक काय म्हणतील?"

"लोक जेवतील. लग्नात लोक जेवायलाच येतात. तू फक्त वेळेवर ये, आणि तुझा तो मळका फेटा घालून येऊ नकोस. हुमैदचा निळ्या काठाचा पेटीत आहे. तो पाठवते."

निकाहाच्या दिवशी रय्या बायकांत, पडद्याआड होती. काझीच्या मागोमाग खलफान शब्द म्हणत होता: माझा भाऊ हुमैद याची मुलगी मौज़ा हिला मी तुझ्या निकाहात देतो. आवाज एकदा अडखळला. त्यानं तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, सरळ, न थांबता. रय्याच्या शेजारच्या एका म्हातारीनं दचकून तिच्याकडे बघितलं. रय्या मान खाली घालून ऐकत राहिली. त्या आवाजाला ती आता घाबरली नाही, पण मौज़ाच्या मेंदीच्या हातावर हात ठेवून होती, तो तिनं काढला नाही.

मौज़ा सूरला गेली. झोपडी रिकामी झाली. आठवड्याभरानं खलफानची बायको त्याला हाताला धरून घेऊन आली आणि "माझी बाजारातली कामं उरकते" असं सांगून निघून गेली. खलफान चटईवर बसला. रय्या चुलीपाशी होती. दिवस अजून बराच वर होता.

"रय्या, एक विचारू?"

"विचार."

"तू मला माफ केलंस का? काझीपुढचं सांगू नकोस. ते मला माहीत आहे."

रय्यानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"नाही जमलं, खलफान. फार प्रयत्न केला. नमाजेत मागितलं. नाही जमलं."

त्यानं मान हलवली. "मलाही नाही जमलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "खरं सांगितलंस ते बरं केलंस. सगळे म्हणतात, नशिबात होतं, विसर. मला नशिबाशी बोलता येत नाही. तुझ्याशी येतं."

रय्यानं खजुरांची ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि कुठं ठेवली ते त्याला कळावं म्हणून तिच्या काठावर बोटानं टकटक केलं.

मग तो दर शुक्रवारी दुपारी यायला लागला. ती दोघं मौज़ाचं बोलत, बकऱ्यांचं बोलत, लहानपणच्या विहिरीचं बोलत. हुमैदचं नाव क्वचित निघे, आणि निघालं की कुणी ते टाळत नसे. तो प्रश्न खलफाननं पुन्हा विचारला नाही. पाहुण्यांच्या गाड्या यायच्या आत त्याची बायको येऊन त्याला घेऊन जायची. पाहुणे असताना तो तिथं एकदाही थांबला नाही.

तो गेला तो उन्हाळ्यात, सगळे खजुरीच्या बागांत राहायला गेलेले असताना. झोपेतच गेला. कबर कुठं खणायची ते विचारायला माणसं रय्याकडे आली. हुमैदशेजारी जागा मोकळी होती, पण तिला विचारल्याशिवाय कुदळ मारायची कुणाची छाती होईना.

रय्या दारात उभी राहून म्हणाली, "मला काय विचारता? तिथंच ठेवा. एकमेकांवाचून दोघांना कधी करमलं होतं का?"

माणसं गेली. रय्या आत आली, दार लावलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळी मौज़ा सूरहून पोचली तेव्हा ती तशीच बसलेली होती. चूल पेटवलेली नव्हती.